निबेची रेघ आणि अक्षराची गांठ

फाउंटनपेन विकत घेण्यास निघालेला मनुष्य दुकानांत शिरला म्हणजे त्याची दृष्टि प्रथम पेनाच्या रंगावर जाते, मग टोपणाच्या चापावर, आणि मग किमतीवर. ज्या वस्तूशीं त्याच्या अक्षराचा रोजचा संबंध येणार असतो ती निब तो बहुधा सर्वांच्या शेवटीं पाहतो. आणि पाहिली तरी ती सोन्याची आहे कीं पोलादाची एवढेंच विचारतो. त्या निबेवर पुष्कळदां एक बारीकसें रोमन अक्षर कोरलेलें असतें. एफ म्हणजे बारीक, एम म्हणजे मध्यम, बी म्हणजे जाड आणि ईएफ म्हणजे अतिबारीक. नंबर पाहून जोडा घ्यावा त्याप्रमाणें हें अक्षर पाहून निब घ्यावी, अशी सर्वसाधारण समजूत आहे, आणि दुकानदारहि ती मोडण्याच्या भरीस पडत नाहीं.

परंतु एकाच घरांत जर्मन बनावटीचें आणि जपानी बनावटीचें अशीं दोन पेनें असलीं, दोहोंच्याहि निबांवर एफ हेंच अक्षर असलें, आणि त्या दोन्ही पेनांनीं एकाच कागदावर एकच ओळ लिहून पाहिली, तर त्या ओळी एका जाडीच्या आहेत असें लहान मूलहि म्हणणार नाहीं. जपानी निबेची ओळ उघड उघड किरकोळ दिसेल. याचें कारण असें कीं, निबेवरचें अक्षर हें माप नव्हे. तें नुसतें नांव आहे. एका घरांतील थोरला मुलगा शेजारच्या घरांतील धाकट्यापेक्षां वयानें लहान असूं शकतो. तरीहि आपल्या घरीं तो थोरलाच. निबेचें बारीकपण किंवा जाडपण हें असेंच ज्या त्या कारखान्याच्या घरापुरतें असतें.

अर्ध्या मिलिमीटरच्या रेघेबद्दल एवढा खल कशाला, असा प्रश्न येथें कोणी विचारील. त्याला उत्तर इतकेंच कीं, मराठी ज्या लिपींत लिहितात तिच्यांत अर्ध्या मिलिमीटरवर पुष्कळ कांहीं अवलंबून असतें. 'धाव' या शब्दाचा 'घाव' होण्यास आणि थेऊरला जाणारें पत्र येऊरच्या वाटेला लागण्यास तेवढी जागा पुरते. सबब या रेघेचा उगम कोठें आहे आणि ती मोजावी कशी, हें नीट पाहणें वायफळ ठरूं नये.

निब म्हणजे धातूचा एक वांकविलेला पत्रा. त्याच्या मधोमध एक चीर असते. चिरेच्या दोन्ही बाजूंस दोन पाकळ्या असतात आणि पाकळ्यांच्या टोंकाला अतिशय कठीण धातूची एक सूक्ष्म कणी जोडलेली असते. निबेच्या खालीं खांचा पाडलेली जी जीभ दिसते ती शाई आणि हवा यांची देवघेव संभाळते. पत्रा सोन्याचा असो कीं पोलादाचा असो, कागदाला स्पर्श होतो तो या कणीचा. सोन्याच्या निबेसाठीं चौपट पैसे मोजणाऱ्या गृहस्थाचें सोनें कागदाला जन्मभर शिवत नाहीं, ही गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे.

ही कणी बसविण्याची गरजहि सोन्याच्या मऊपणामुळेंच उत्पन्न झाली. चौदा कॅरटच्या सोन्यांत हजार भागांपैकीं ५८५ भाग आणि अठरा कॅरटच्या सोन्यांत ७५० भाग शुद्ध सोनें असतें. शाईनें तें गंजत नाहीं हा त्याचा गुण. पण कागदावर घासून तें झिजतें हा त्याचा दोष. १८०३ सालीं स्मिथसन टेनंट या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानें प्लॅटिनमच्या अशोधित धातूंतून मागें उरणाऱ्या काळ्या गाळाची परीक्षा करतांना इरिडियम आणि ऑस्मियम हे दोन नवे धातु शोधून काढले. या दोहोंचें निसर्गतः सांपडणारें मिश्रण विलक्षण कठीण असतें. १८३४ च्या सुमारास जॉन आयझॅक हॉकिन्स यानें त्याचे कण सोन्याच्या निबेच्या टोंकाला बसविण्याची युक्ति साधली आणि सोन्याच्या निबेला दीर्घायुष्य लाभलें. पुढें या मिश्रणांत टंग्स्टन, रुथेनियम वगैरे धातूंचा शिरकाव झाला. आजच्या पुष्कळ निबांत इरिडियम औषधालाहि नसतें. नांव मात्र त्याचेंच चालत आलें आहे. ही कणी कारखान्यांत घासून जेवढी रुंद ठेवली जाते, त्या मानानें रेघेची जाडी ठरते.

फाउंटनपेनाच्या पूर्वीं ही जाडी कारखान्यांत नव्हती. ती लिहिणाऱ्याच्या चाकूंत होती. बोरू घ्यावा, त्याला कलम द्यावी, टोंकाला चीर पाडावी आणि अक्षर जसें लहान-मोठें हवें असेल त्या मानानें टोंक अरुंद-रुंद ठेवावें, हें काम शिकणारा विद्यार्थी अक्षराबरोबरच शिकत असे. बाळबोध अक्षरासाठीं हें टोंक सरळ न कापतां तिरपें कापीत, आणि तो तिरपेपणाहि रोमन अक्षरासाठीं लागणाऱ्या तिरपेपणाच्या उलट बाजूचा असे. त्यामुळें बोरूची रेघ एका दिशेनें जाड आणि दुसऱ्या दिशेनें बारीक उमटे. जुन्या पोथ्यांतील अक्षर ठसठशीत असूनहि त्याचीं पोटें मोकळीं दिसतात तीं यामुळेंच. वळणाची एक बाजू जाड झाली तरी दुसरी बारीक राहते, आणि मधला पांढरा भाग भरून जात नाहीं. मोडी लिहिणारे कारकून तर आधीं ओळभर शिरोरेषा ओढून मग तिच्याखालीं भराभर अक्षरें सोडीत जात. तेथेंहि बोरूचें टोंक ज्याच्या त्याच्या हाताला बसेल असेंच कापलेलें असे.

एकोणिसाव्या शतकांत बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतून पोलादी निबा निघूं लागल्या आणि बोरूच्या जोडीला टांक आला. १८८४ सालीं न्यूयॉर्कच्या लुई एडसन वॉटरमन यानें शाईचा पुरवठा नियमित करणाऱ्या आपल्या पेनाचें पेटंट मिळविलें आणि दौत खिशांत आली. सोय झाली यांत शंका नाहीं. परंतु या सोयीबरोबर दोन गोष्टी गेल्या. नेहमींच्या फाउंटनपेनाच्या निबेची कणी गोल असते. तिची रेघ उभी ओढा कीं आडवी ओढा, जवळजवळ सारखीच जाड येते. म्हणजे बोरूचा बारीक-जाडपणा गेला. दुसरें असें कीं, जाडी ठरविण्याचा अधिकार लिहिणाऱ्याच्या हातून कारखान्याच्या हातीं गेला, आणि तो कारखाना मराठी अक्षर डोळ्यांपुढें ठेवून निबा घडवीत नव्हता.

स्वदेशीच्या चळवळीनेंहि या दुसऱ्या गोष्टींत फारसा फरक पडला नाहीं. १९३१ सालीं मुंबईंत दांडेकर बंधूंनीं शाईची भुकटी व वड्या तयार करण्याचा उद्योग आरंभिला. तोच पुढें कॅमलिन या नांवानें घरोघर पोंचला. राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम् यांनीं हातानें घडविलेलें पेन महात्मा गांधींकडे पाठविलें, आणि परदेशी पेनांची जागा तें चांगल्या प्रकारें घेऊं शकेल अशा आशयाचें पत्र गांधीजींनीं त्यांना १९३५ सालीं लिहिलें. शाई स्वदेशी झाली, पेन स्वदेशी झालें. पण निबेच्या जाडीचीं नांवें एफ, एम आणि बी हींच राहिलीं.

आतां या नांवांचीं मापें पाहूं गेल्यास, युरोपीय पद्धतीच्या निबांत अतिबारीक निबेची रेघ साधारणतः ०.४ ते ०.५ मिलिमीटर, बारीक निबेची ०.५ ते ०.६, मध्यम निबेची ०.७ ते ०.८ आणि जाड निबेची ०.९ ते १ मिलिमीटर भरते. जपानी निबा याहून बहुतेक एक पायरी खालीं असतात. म्हणजे जपानी मध्यम ती युरोपीय बारीक, आणि जपानी बारीक ती युरोपीय अतिबारीक. हीं मापें ठोकळ आहेत. एकाच कारखान्याच्या, एकाच नांवाच्या दोन निबांतहि थोडा फरक सांपडतो. कारण कणीला शेवटचा आकार देण्याच्या कामांत अनेक ठिकाणीं माणसाच्या हाताचा भाग असतो.

जपानी निबा बारीक कां, याचें उत्तर जपानच्या लिपींत आहे. सेलर हा कारखाना १९११ सालीं, पायलट १९१८ सालीं आणि प्लॅटिनम १९१९ सालीं सुरू झाला. या तिघांच्याहि घरचें गिऱ्हाईक चिनी वळणाचीं चित्राक्षरें लिहिणारें. त्या लिपींत एका लहानशा चौकोनांत दहा-दहा, पंधरा-पंधरा, कधीं वीसहूनहि अधिक रेघा बसवाव्या लागतात. तेथें पाऊण मिलिमीटरची रेघ घेऊन बसणें म्हणजे केरसुणीनें रांगोळी काढण्यासारखें आहे. रोमन लिपीचीं अक्षरें मोकळीं. त्यांच्या पोटांत जागा पुष्कळ. म्हणून हॅनोव्हरच्या पेलिकन किंवा हायडेलबर्गच्या लामी कारखान्याला मध्यम निब म्हणजे खरोखरच मध्यम वाटते. तात्पर्य, प्रत्येक देशानें आपल्या अक्षराच्या मापानें 'बारीक' या शब्दाचा अर्थ लाविला आहे. मराठी लिहिणाऱ्यानें तो अर्थ अजून आपल्या अक्षराच्या मापानें लावून घ्यावयाचा आहे.

सर्वांनीं मिळून एक प्रमाण कां ठरवूं नये, असें वाटणें साहजिक आहे. नकाशे व आराखडे काढणाऱ्यांच्या नळीच्या पेनांना असें आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे. त्यांच्या रेघा ०.२५, ०.३५, ०.५, ०.७ आणि १ मिलिमीटर अशा चढत जातात. प्रत्येक रेघ मागचीच्या सुमारें १.४१ पट, म्हणजे दोनाच्या वर्गमूळाइतकी पट असते. कागदांचे ए-चार, ए-तीन वगैरे आकारहि याच पटीनें वाढतात. त्यामुळें ए-तीन कागदावरचा आराखडा ए-चार आकारांत लहान करून घेतला म्हणजे त्यांतील ०.५ ची रेघ आपोआप ०.३५ ची होते, आणि पुढची दुरुस्ती ०.३५ च्या पेनानें बेमालूम करतां येते. हिशेब मोठा सुंदर आहे. पण तेथें नळीचें तोंड ठरलेलें, कागद ठरलेला आणि हातहि उभा धरलेला असतो. फाउंटनपेनाला यांपैकीं एकहि बंधन नाहीं. बॉलपेनावरचा ०.७ हा आंकडा वाचून कांहीं लोक तेंच रेघेचें माप समजतात. तेंहि खरें नव्हे. तो आंकडा आंतल्या गोळीच्या व्यासाचा असतो. गोळीचा थोडाच भाग कागदाला टेंकत असल्यामुळें रेघ त्याहून पुष्कळ बारीक, बहुधा निम्म्याच्या आसपास, येते.

आतां मराठी अक्षराकडे वळावें. देवनागरींत घ आणि ध, म आणि भ, य आणि थ अशा तीन जोड्या आहेत. प्रत्येक जोडींतील दोन अक्षरांचा मुख्य भेद डाव्या बाजूला वरच्या कोंपऱ्यांत असतो. ध, भ आणि थ यांना तेथें एक लहानशी गांठ असते आणि त्या गांठीवर शिरोरेषा तुटलेली असते. घ, म आणि य यांची शिरोरेषा सलग जाते. म्हणजे एक इवलेंसें पांढरें पोट आणि एक इवलीशी फट यांच्यावर अक्षराची ओळख अवलंबून आहे. हीं दोन्ही शाईनें भरून निघालीं कीं धन आणि घन, भार आणि मार, धडा आणि घडा यांत कांहीं फरक उरत नाहीं. वाक्यांत वाचणारा संदर्भानें सांवरून घेतो. पण विशेषनामाला संदर्भ नसतो. धुळे हें गांव आहे आणि घुळे हें आडनांव आहे. मोरे आणि भोरे हीं दोन्ही आडनांवें आहेत. पुण्याजवळ थेऊर आहे आणि ठाण्याजवळ येऊर आहे. पत्त्यावर, अर्जावर, औषधाच्या चिठ्ठीवर आणि वारसाच्या नांवापुढें जें लिहिलें असेल तेंच वाचलें जाणार.

याचें गणित अगदीं सोपें आहे. समजा, शिरोरेषेपासून पायापर्यंत अक्षराची उंची ४ मिलिमीटर आहे. ही नेहमींच्या आंखलेल्या वहींतील मोठ्या माणसाच्या अक्षराला जुळणारी उंची होय. अशा अक्षरांत भ ची गांठ, रेघेच्या मध्यापासून समोरच्या रेघेच्या मध्यापर्यंत मोजली तर, सुमारें १ मिलिमीटर येते. रेघ अर्धा मिलिमीटर जाड असली तर दोन्ही बाजूंची निम्मी निम्मी रेघ आंत येऊन गांठीच्या पोटांत अर्धा मिलिमीटर पांढरें उरतें. रेघ ०.८ ची असली तर पांढरें उरतें अवघें ०.२. पोट गोल असल्यामुळें त्याचें क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणांत बदलतें. म्हणजे पहिल्या गांठींतील पांढरा भाग दुसरीच्या सहापटींहून थोडा अधिकच असतो. आणि कागदावर शाई किंचित् पसरून ०.८ ची रेघ १ मिलिमीटरची झाली कीं गांठ साफ बुजते. एफ आणि एम या दोन नांवांत अंतर दिसतें एका पायरीचें. अक्षराच्या पोटांत तें अंतर सहापट होऊन बसतें.

हें ऐकून कोणी म्हणेल, मग सर्वांत बारीक निब घ्यावी म्हणजे झालें! पण तेंहि नाहीं. जाड निब गांठ बुजविते, तशी अतिबारीक निब बिंदु हरविते. 'त्याचा' आणि 'त्यांचा' या दोन शब्दांत भेद आहे तो एका अनुस्वाराचा. एक शब्द कोणाहि एकट्याला लागतो. दुसरा अनेकांना लागतो किंवा आदरणीय व्यक्तीला लागतो. सासऱ्यांविषयीं लिहिलेल्या पत्रांतील टिंब दिसेनासें झालें तर त्यांचा मान कागदावरच उतरला असें होतें. ०.३ मिलिमीटरच्या निबेनें टेंकविलेलें टिंब तरुण डोळ्यांना दिसतें. साठी उलटलेल्या डोळ्यांना, संध्याकाळच्या उजेडांत, तें कागदाचा डाग वाटतें किंवा मुळींच दिसत नाहीं. आणि घरांतील पत्र मोठ्यानें वाचून दाखविण्याचें काम पुष्कळदां याच डोळ्यांकडे असतें.

बारीक निबेची आणखी एक खोड आहे. हाताचा भार तोच असला आणि कणीचा व्यास निम्मा झाला तर तो भार चौथाई जागेवर पडतो. म्हणजे कागदावरचा दाब चौपट होतो. म्हणून बारीक निब खरखरते, हलक्या कागदाचे तंतु उचकटते आणि ते चिरेंत अडकून शाई रोखून धरतात. दाबून लिहिण्याची संवय असलेल्या मुलाच्या हातीं अतिबारीक निब दिली तर थोड्याच दिवसांत तिच्या पाकळ्या फांकतात आणि मग ती बारीकहि राहत नाहीं, धडहि राहत नाहीं.

निबेखेरीज रेघेची जाडी ठरविणारे आणखी तीन भागीदार आहेत: कागद, शाई आणि हात. कागद करतांना त्याला खळ दिली जाते. खळ चांगली असली तर शाई वर राहून जागच्या जागीं वाळते. खळ नसलेला कागद म्हणजे टीपकागद. त्यावर कोणतीहि निब जाडच उमटते. या दोन टोंकांच्या मध्यें बाजारांतील सर्व वह्या बसतात. पावसाळ्यांत कागद दमट होतो आणि हिवाळ्यांत नीट चालणाऱ्या वहीवर शाई फुटूं लागते. तेव्हां दोष निबेला देण्यांत अर्थ नसतो. शाईंतहि जातिभेद आहेत. लोहक्षार आणि मायफळांतील आम्ल यांपासून केलेली जुन्या धर्तीची निळी-काळी शाई आधीं फिकी उमटते व हवा लागून काळी पडते. तिची रेघ सहसा आटोपशीर असते. नुसत्या रंगाच्या कांहीं शाया पातळ व वाहत्या असतात. त्या रेघेला पसरवितात. हाताविषयीं म्हणाल तर, सावकाश लिहिणाऱ्याची रेघ जाड येते, कारण निब प्रत्येक ठिकाणीं अधिक वेळ थांबून अधिक शाई सोडते. भराभर लिहिणाऱ्याची तीच रेघ बारीक होते. एकच पेन बापाच्या हातीं मध्यम आणि लेकाच्या हातीं जाड वाटण्यांत म्हणूनच नवल नाहीं.

अशा स्थितींत दोन निबांची तुलना करावयाची तर ती कशी करावी? पहिली गोष्ट, कागद एक असावा, शाई एक असावी आणि हातहि एक असावा. दुसरी गोष्ट, दोन्ही पेनें रीतसर भरून मग लिहावें. दुकानांत निब दौतींत बुडवून चार रेघोट्या ओढतात, त्यांत निबेवर जादा शाई राहते आणि रेघ फुगून दिसते. शिवाय दुकानांत परीक्षेसाठीं पुढें केलेला कागद बहुधा गुळगुळीत असतो. घरची वही तशी असतेच असें नाहीं. म्हणून निब पाहावयास जातांना आपल्या रोजच्या वहीचें पान बरोबर न्यावें.

तिसरी गोष्ट मोजण्याची. प्रत्येक पेनानें पांच उभ्या आणि पांच आडव्या रेघा नेहमींच्या वेगानें ओढाव्या आणि त्या पूर्ण वाळूं द्याव्या. भिंग आणि अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली पारदर्शक पट्टी जवळ असेल तर ०.५ आणि ०.८ यांतील फरक कोणालाहि सांगतां येतो. आतां पुष्कळ घरीं किंवा नाक्यावरच्या दुकानांत कागदाची प्रतिमा घेणारें स्कॅनर यंत्र असतें. तें एका इंचांत ६०० ठिपके या मापावर लावलें तर, इंच २५.४ मिलिमीटरचा असल्यामुळें, एक ठिपका ०.०४२ मिलिमीटरचा होतो. प्रतिमा मोठी करून रेघेच्या रुंदींत ठिपके मोजावे; १२ भरले तर रेघ अर्ध्या मिलिमीटरची, १९ भरले तर ०.८ ची. पांच ठिकाणीं मोजून सरासरी काढावी. हें काम सहावी-सातवीचा विद्यार्थी आनंदानें करतो, आणि त्याला दशांश अपूर्णांकाचा उपयोगहि कळतो.

चौथी गोष्ट खरी परीक्षेची. धाव–घाव, भार–मार, थेऊर–येऊर, त्याचा–त्यांचा हे शब्द उलटसुलट क्रमानें, एकाखालीं एक, प्रत्येक निबेनें लिहावे आणि तो कागद घरांतील चष्मा लावणाऱ्या वडील माणसापुढें ठेवावा. कोणत्या निबेनें लिहिलें तें सांगूं नये. ज्या निबेचे सर्व शब्द न अडखळतां वाचले जातील ती त्या हाताची निब. तिच्यावर एफ कोरलेलें असो कीं एम, त्याच्याशीं कर्तव्य नाहीं.

ज्यांना नियमच हवा असेल त्यांच्यासाठीं वरील गणितांतून एक ठोकळ नियम निघतो. गांठ अक्षराच्या उंचीच्या पावपट असते. आणि तिचें पोट मोकळें राहावें यासाठीं रेघ गांठीच्या निम्म्याहून अधिक जाड नसावी. म्हणजे रेघेची जाडी अक्षराच्या उंचीच्या एक-अष्टमांश धरावी. कार्डावर दाटून लिहितांना अक्षर ३ मिलिमीटरचें होत असेल तर रेघ ०.४ च्या आंत हवी. तेथें जपानी बारीक किंवा युरोपीय अतिबारीक निब योग्य. वहींतील ४ मिलिमीटरच्या अक्षराला ०.५ म्हणजे युरोपीय बारीक निब पुरते. कित्ता गिरविणाऱ्या मुलाचें अक्षर ६ मिलिमीटरचें असतें. त्याला पाऊण मिलिमीटरची मध्यम निबच द्यावी. मुलांचे हात लहान म्हणून निब बारीक, असा उलटा न्याय पुष्कळ घरीं चालतो. त्यामुळें मोठ्या अक्षरांत केसासारखी रेघ येते, मूल तिला ठळक करण्यासाठीं दाबतें, आणि निब व वळण दोन्ही बिघडतात.

सहीची गोष्ट निराळी. सही ओळखण्यासाठीं असते, वाचण्यासाठीं नव्हे. तेथें जाड निब शोभते. ज्यांना बोरूच्या वळणाची हौस आहे त्यांच्यासाठीं चपट्या टोंकाच्या निबाहि मिळतात. त्या एका दिशेनें जाड आणि दुसऱ्या दिशेनें बारीक रेघ देतात. मात्र त्यांचें टोंक रोमन अक्षरासाठीं घडविलेलें असतें, म्हणून देवनागरीचें खरें वळण साधण्यासाठीं पेन धरण्याची दिशा बदलावी लागते. अक्षर मोठें काढण्याची तयारी असेल तरच त्यांच्या वाटेला जावें.

निब एकदां घेतली आणि ती जाड निघाली तर उपाय आहे. जाणत्या कारागिराकडून बारीक दगडावर कणी घासून घेतली म्हणजे जाड निब बारीक होते. बारीक निब मात्र घासून जाड होत नाहीं. गेलेली कणी परत येत नाहीं. म्हणून दोन निबांत मन घोटाळत असेल तर किंचित् जाड बाजूची घ्यावी, कारण तिला सुधारण्यास वाव असतो. पण घासण्याचा प्रयोग घरीं पाटीच्या दगडावर करूं नये. कणीचा एक कोंपरा अधिक झिजला कीं ती निब एका बाजूनें लिहिते आणि दुसऱ्या बाजूनें ओरखडते.

बोरू कापणारा मनुष्य लिहिण्यास बसण्यापूर्वीं तीन प्रश्न मनाशीं विचारी: अक्षर केवढें काढावयाचें, कागद कसा आहे, आणि वाचणार कोण. या तिन्ही प्रश्नांचें उत्तर त्याच्या चाकूनें दिलेल्या कापांत दिसे. चाकू गेला, बोरू गेला; प्रश्न मात्र तेच राहिले आहेत, आणि त्यांचें उत्तर निबेवर कोरलेल्या अक्षरांत सांपडणारें नाहीं. त्या तिन्हींपैकीं शेवटचा प्रश्न सर्वांत मोठा. लिहिणाऱ्याला आपलें अक्षर नेहमींच वाचतां येतें, कारण काय लिहिलें आहे तें त्याला आधींच ठाऊक असतें. रेघेची जाडी ठरवावयाची ती ज्याला तें ठाऊक नाहीं त्याच्या डोळ्यांसाठीं.